सुनंदेची अर्धी गोष्ट

'मकरी' पाणबुडी बुडाल्याचे कळले, त्याच दिवशी देवगडच्या धक्क्याला एक देवमासा आला. धक्क्यावरचे दुभाषी यंत्र त्याचे बोलणे मराठीत सांगू लागले.

"यशवंत खवळे कोण? मकरी बुडाली तेव्हा आम्ही जवळच होतो."

"मी. सुनंदा माझी बायको, मकरीवर होती. घाबरली होती का ती?"

"छे. रोजच्यासारखी पाणबुडीतल्या दुभाषी यंत्रातून आम्हांला गोष्ट सांगत होती, तुमच्या लग्नाची. वरातीच्या होडीतून तू मुंडावळ्यांसकट खाडीत पडलास, तिथवर आली होती. आमचा कळप अजून हसतोय."

यशवंतही डोळे पुसता पुसता हसला. "माझी फजितीच सांगणार ती."

"मग बाहेर कोणी काढले तुला?"

"तिनेच. शालू खोचून उडी मारलीन."

तो पायरीवर बसून पुढचे सांगू लागला. आता रोज नवे देवमासे येतात आणि त्यांच्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गोष्ट अजून पुरी झालेली नाही.