नाकाची खात्री

शेगडीवरचं दूध उतू जाऊन करपलं, तेव्हा सून तान्ह्याला खांद्याशी धरून आतल्या खोलीतून धावत आली. गॅसचा गिझर बसवायला आलेला फिटर मात्र शेगडीपासून दोन हातांवर, बाल्कनीच्या दाराशी उभा राहून टेपने भिंत मोजत होता. त्याने मानही वळवली नाही.

सासूबाईंनी हे टिपलं.

त्यांच्या नाकाचा घरात दरारा होता. शेजारी डाळ लागली तरी ती कुठली डाळ हे त्या सांगत. हल्ली मात्र त्या हैराण होत्या. कांदे सडके देतो म्हणून पंधरा दिवसांत दोन कांदेवाल्यांशी भांडून झालं, तरी ओट्याखालचा सडका वास हटेना. आज सकाळीच तिसऱ्याकडून टोपली भरून आणली होती, तरी वास होताच.

फिटरने खिडकी उघडायला लावली, शेगडी आणि रेग्युलेटर बंद केला आणि गॅसच्या नळीला गिझरकडे जाणारा फाटा जोडायला घेतला. सासूबाई स्टूल ओढून त्याच्या मागेच बसल्या. माणूस हाताने सावकाश होता. गिझर न्हाणीघरात लावा म्हटलं तर ऐकेना; बाहेर बाल्कनीत, मोकळ्या हवेतच लावणार. गिझरच्या जागेजवळचा पडदाही काढायला लावला. प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच उत्तर: "नियम आहे, काकू." ज्याला नियम इतके पाठ, त्याला काम येत असेलच असं त्यांना वाटेना.

त्यांनी फिनेलच्या बाटलीचं झाकण काढलं आणि ती हळूच त्याच्या कोपराशी सरकवली. सुनेने ओढणीने बाळाचं तोंड झाकलं. फिटर पाना फिरवत राहिला.

"तुम्हाला वास येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

पाना थांबला.

"दोन वर्षं झाली. तापात गेला, तो परत आला नाही."

"आणि गॅसची कामं करता. दोन महिन्यांचं पोर आहे आमच्या घरात."

सासूबाईंनी सुनेला दुकानात फोन लावायला सांगितलं. दुसरा माणूस पाठवा म्हणावं, धड नाकाचा. सून फोन हातात घेऊन घुटमळली. बाळाच्या आंघोळीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

फिटरने वाटीत साबण कालवला.

"बोलवा, काकू. पण तो येईपर्यंत काडी ओढू नका. मी एवढं करून जातो."

त्याने रेग्युलेटर उघडला. एकेका सांध्यावर ब्रशने फेस लावायचा, डोळे त्यावर रोखायचे आणि मनात तीस आकडे मोजायचे. ओठ हलत तेवढ्यावरून मोजणं कळत होतं. फाट्यावर, वळणावर, गिझरपाशी, सगळीकडे फेस जिथल्या तिथे बसून राहिला. सासूबाईंनी पुढे वाकून तिन्ही ठिकाणं हुंगून पाहिली आणि मागे सरल्या.

मग तो ओट्याखाली वाकला.

"ते आमचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "ती नळी मुलाने बदललीय. महिनाही नाही झाला."

"फेस लावून पाहिला होता?"

"मी स्वतः वास घेतला होता."



फिटरने कांद्यांची टोपली बाजूला सरकवली. नळी जिथे रेग्युलेटरवर चढवली होती, तिथे ब्रश फिरवला आणि मोजायला लागला. तो चारपर्यंत पोचला असेल नसेल, तोच फेसातून एक बुडबुडा वर आला. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा. फुटला. त्याच जागी दुसरा आला.

सून बाळाला घेऊन दारापर्यंत मागे गेली. फिटरने हात लांबवून रेग्युलेटर बंद केला आणि फडक्याने फेस पुसला.

सासूबाई स्टुलावरून उतरून खाली बसल्या. त्यांनी टोपलीतला एक कांदा उचलला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. मग दुसरा. मग अगदी तळाचा.

सगळे टणक होते, खडखडीत कोरडे.