शिवलेली बाही

टुंग.

खोली इतकी शांत होती, की त्या आवाजाने तिघंही दचकली. चौथी तार खुंटीला गुंडाळून झाली होती आणि आईच्या बोटाचा तिला नुसता धक्का लागला होता.

"बोललं!" भिंगरी किंचाळली. वय वर्षं पाच. एका जागी बसली असती, तर घरात तिला भिंगरी कोण म्हणालं असतं?

तीन आठवड्यांपूर्वी खोक्यातून नुसते लाकडाचे तुकडे निघाले होते, एक पुडी खुंट्यांची आणि एक चित्रांचा कागद. कामातून वेळ चोरून आईने ते जोडले आणि त्यांचं युकुलेले झालं. गिटारचं पिल्लूच. एक गंमत मात्र तिला उलगडली नव्हती. सँडपेपर उजव्या हातात धरला की लाकडावर ओरखडे उठत. डाव्या हाताने घासलं की तेच लाकूड साय धरल्यासारखं मऊ होई. डाव्या बोटांवरचा गोंद अजून निघाला नव्हता.

घासताना ती भिंगरीला गोष्टी सांगायची. त्यांतली लाडकी गोष्ट आईच्या लहानपणच्या स्वेटरची. आजोबा शिंपी. त्यांनी त्या स्वेटरच्या डाव्या बाहीचं तोंड शिवून तिची पिशवी केली होती. थंडीत हात गरम राहावा म्हणून.

"एकाच हाताला थंडी वाजायची?" भिंगरीने विचारलं होतं.

"ते आजोबांनाच विचार," म्हणून आई हसली होती. तो स्वेटर तिने अजून जपून ठेवला होता.

आज आजोबा वाद्य बघायला आले होते आणि आल्या आल्या भिंगरीच्या नव्या स्वेटरला बटणं लावायला बसले होते. रिकामे हात त्यांना सहन होत नसत.

"घे," आई म्हणाली. "पहिला मान तुझा."

भिंगरीने युकुलेले पोटाशी धरलं. दांडा उजव्या हातात, तारांवर डावा. आईने ते फिरवून दिलं. भिंगरीने परत फिरवलं. आईने पुन्हा.

"अगं, उलटं धरतेयस!"

"उलटं नाहीये. माझ्या पोटाला असंच बसतं."

आईने कागदावरचं चित्र पाहिलं, मग लेकीचे हात. आजोबाही चष्म्यावरून पाहत होते.

"डावरी आहे पोरगी," ते म्हणाले. "हरकत नाही. या स्वेटरची बाही शिवून टाकतो. तीन महिन्यांत हात वळतो."

आईचा हात कागदावरच राहिला.

"कुणाचा वळला होता, बाबा?"

"तुझाच की." त्यांनी सुईत दोरा ओवला. "शाळेतले बाक, माझी कात्री, सगळं उजव्यांसाठी केलेलं. म्हटलं, पुढे पोरीचे हाल नकोत. आणि तू कसली गुणाची! रडली नाहीस की काही नाही. उलट, हाताला ऊब येते म्हणालीस."

भिंगरीने तेवढ्यात डाव्या अंगठ्याने तारा छेडून घेतल्या.

"बाही उघडीच राहू दे, बाबा," आई म्हणाली.

तिने चारही तारा उतरवल्या. त्या उलट्या क्रमाने लावायच्या, तर दांड्याच्या टोकावरची त्यांच्या खाचांची पांढरी पट्टीही फिरवायला हवी होती. जाड तारेची खाच रुंद असते. पट्टी तर कालच चिकटवलेली. तिने ठोकळा टेकवला आणि हातोडीने हलकेच ठोकलं. पट्टी हलली नाही. वाद्य मात्र टेबलावरून सरकू लागलं.

आजोबांनी सुई स्वेटरला टोचून ठेवली. उठून आले आणि दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला.

"हं. ठोक आता."

टक. टक. पट्टी अख्खी सुटून आली.

भिंगरी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत होती. वाद्याकडे नव्हे, आईच्या हातांकडे.

"आई, तू लिहितेस त्या हाताने, आणि ठोकतेस या हाताने."

आईने खाली पाहिलं. हातोडी डाव्या हातात होती. कधी घेतली, तिला आठवेना.

"मग यातला तुझा कुठला गं?"