चौदाशे वाक्यं

दुरुस्तीवालीने बंद पडलेली हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली, नवी बसवली, चार स्क्रू पिळले आणि हात पुढे केला. "काका, बॅकअपची डिस्क द्या."

त्याने ती कपाटातून काढून दिली. देताना वायर त्याच्या बोटांत अडकली.

"शेवटचा बॅकअप कधीचा?"

"रविवारचा," तो म्हणाला. "ऑपरेशनच्या आधीच्या. दर रविवारी घ्यायचो मी."

बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. गळ्याला मऊ रुमाल, मांडीवर वही. सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं होतं. काढणार हे कळलं, त्याच आठवड्यात तिने आपला आवाज साठवायला घेतला. रोज संध्याकाळी झोपायच्या खोलीच्या दाराला रजई लावून ती मायक्रोफोनपुढे बसायची. आवाज घोगरा झाला होता, पण तिचाच होता. पाच आठवड्यांत चौदाशे वाक्यं झाली. हवं ते वाक्य निवडलं की कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलणार होता. उद्या स्पीच थेरपिस्ट ते सगळं हातात मावेल अशा यंत्रात भरून देणार होती. आणि काल सकाळी कॉम्प्युटर आतून टकटक वाजला आणि मान टाकून बसला.

दुरुस्तीवालीने डिस्क जोडली. पडद्यावर तारखांची यादी उघडली, तेव्हा तो मुद्दाम खिडकीशी गेला आणि समोरच्या गच्चीवरची टाकी बघत उभा राहिला.

"सगळ्यात वरची तारीख घेते," ती म्हणाली. "आणि काका, ही डिस्कही म्हातारी झालीय. टेबलाला धक्का लावू नका."

काम सुरू झालं.

त्याने डिस्क दोनच रविवार लावली होती. पुढचे रविवार बायको आतून विचारायची, "बॅकअप घेतलात ना?" आणि तो पेपरमागून म्हणायचा, "घेतला." आळस नव्हता तो. ती डिस्क हातात घेतली की ऑपरेशन खरंच होणार असं वाटायचं, म्हणून तो कपाटच उघडायचा नाही.

दोन रविवार म्हणजे चारशे वाक्यं. त्याने मनाशी शंभरदा हिशेब मांडला होता. थेरपिस्टच्या यादीतली पहिली चारशे सगळी दवाखान्याची. पाणी हवंय. दुखतंय. उशी जरा वर करा. तिची स्वतःची वाक्यं त्यानंतरची. नातीला मारायच्या हाका, शेजारणीला द्यायची उत्तरं, त्याच्यावर ओरडायची वाक्यं. आता जन्मभर ती स्वतःच्या आवाजात फक्त पाणी मागणार होती.

बासष्ट टक्क्यांवर आकडा थांबला. डिस्क कुरकुरली. बायकोने वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडून टाकलं.

"चालेल पुढे," दुरुस्तीवाली म्हणाली, पण तिनेही माउसवरचा हात काढून घेतला होता.

त्रेसष्ट. मग सत्तर. मग भराभर.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. दुरुस्तीवालीने आवाजांचं फोल्डर उघडलं. तो पाठमोराच उभा होता. आता ती विचारणार, काका, बाकीचं कुठंय?

"चौदाशे बारा," ती म्हणाली. "शेवटची फाइल ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची. मानलं काका तुम्हाला! नाहीतर लोक घेऊ घेऊ म्हणतात आणि ऐनवेळी डोक्याला हात लावून बसतात."

तो वळला. चौदाशे बारा. पडद्यावर ओळीखाली ओळ, खाली संपतच नव्हती. तो पलंगाच्या कडेवर टेकला. डिस्क कुठे असते ते या घरात दोघांनाच माहीत होतं.

बायको त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. हसूनही नाही. फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलाकडे बघावं तसं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं तिने.

दुरुस्तीवालीला यातलं काही कळलं नव्हतं. ती वायर गुंडाळत होती. त्याने नुसतं "हं" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मी... म्हणजे, ते शेवटचे," तो पुटपुटला, "मी घेतलेच नव्हते."

बायकोने हात लांब करून माउस ओढला. यादी खाली सरकवू लागली. शंभर, चारशे, नऊशे. मध्येच थांबली, परत थोडी वर गेली. तिने बटण दाबलं आणि खोलीत तिचा आवाज आला. घोगरा, ठणठणीत, सहा आठवड्यांनी.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, नीट ऐकू आलं नाही."

दुरुस्तीवालीचे हात वायरीवर थांबले.

तो उठून उभा राहिला. दोनदा घसा खाकरला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.