पॅराशूटचं पोलकं

महायुद्धात आमच्या बंडखोरांच्या पुढाऱ्याला पकडायला जर्मन सैनिक सकाळी सातला आभाळातून उतरले. तो डोंगरातल्या गुहेतून निसटला. मग त्यांनी राग आमच्या गावावर काढला. माझा नवरा, ओब्राद, गोठ्याच्या दारातच गोळी लागून गेला. पुढाऱ्याचा आता चौकात पुतळा आहे. मला मिळालं ते कुंपणावर अडकलेलं एक पॅराशूट.

त्याच्या रेशमाचं मी लेकीला, सावकाला, लग्नासाठी पोलकं शिवलं. धुऊन वाळत घातलं की वारा नसतानाही ते फुगायचं.

"जाळून टाक गं ते!" शेजारची स्तोया म्हणायची.

"का? नवरा गेला, आता कापडही घालवू? तुझ्याकडे दुसरं आहे का द्यायला?"



लग्नाच्या दिवशी सकाळी सातला सावका ते घालून अंगणात आली. आलुबुखाऱ्याचं पानही हलत नव्हतं. तिच्या बाह्या हळूहळू फुगल्या.

"आई, धर ना मला," ती हसत म्हणाली.

मी हात धरला.

"आई, घट्ट धर."

आता ती हसत नव्हती. मी खाली पाहिलं. तिचे नवे बूट आणि जमीन यांच्यामधून सकाळचं ऊन आरपार जात होतं.