चरबीचा ट्रे

“वहिनी, कपाटाचं दार उघडून पाणी मारू का?” इनास बादली घेऊन ब्रिजितच्या घरासमोर उभा होता. शेजारी त्याच्या दुकानात मांसाला धूर द्यायचं विजेचं कपाट आतून पेटलं होतं आणि नाताळच्या खरेदीला आलेली गिऱ्हाइकं रस्त्यावर पळाली होती.

दोन वर्षांपूर्वीही ते असंच पेटलं होतं. तेव्हा ते कपाट सांभाळणाऱ्या वहिनीने ठिबकलेल्या चरबीचा ट्रे साफ केला नाही, असं गावभर सांगून इनासने भावाच्या माघारी तिला दुकानातून काढलं होतं.

ब्रिजित पायऱ्या उतरली. “मागची आग कोणामुळे लागली, ते आधी सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

इनासने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. “माझ्यामुळे. ट्रे मीच तसाच ठेवला होता.”

“मेन स्विच पाड. दार उघडू नकोस, पाणी टाकलंस तर भडका तोंडावर येईल.”

बंद कपाटात आग विझली. त्याच्या तोंडून ते ऐकल्यावर राग निवेल, असं तिला वाटलं होतं. तो निवला नाही. कपाट गार झाल्यावर तिने चरबी खरवडायला इनासच्या हातात उलथनं दिलं आणि ती सगळ्यांसमोर खुर्ची टाकून बसली.

“आधी ट्रे, मग जाळ्या,” ती म्हणाली. “मला घाई नाही.”