व्हिव्हियनची तिसरी भरती

व्हिव्हियनने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली, तशी सालोमीने त्याच्या हातावर चापटी मारली.

"नाडी धावणार नाहीये, तू धावणार आहेस," ती म्हणाली. "ठेव ती."

त्याने नाडी सोडली. हात मोकळे झाले तसा गुडघा हलायला लागला. सैन्यभरतीच्या आदल्या दिवशी नातवाचं हे ठरलेलं. ताटातलं अर्धं उरायचं, संडासाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. उद्या सकाळी मैदानाला चार चकरा, सोळाशे मीटर. दोनदा तो जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या चकरेत पाय शिशाचे झाले होते. कळंबच्या किनाऱ्यावर वाळूत हाच पोरगा रोज वेळेच्या आत धावायचा. मैदानावरच काय होतं ते कोणाला कळत नव्हतं, पण सगळ्या निर्मळ गावाने निदान करून टाकलं होतं. पोरगा घाबरतो. वयात बसायची ही शेवटची खेप होती.

ते निदान ऐकून ऐकून सालोमीचं डोकं उठलं होतं. रविवारी चर्चबाहेर कोणी विचारलंच, तर ती विचारणाऱ्याच्या सात पिढ्यांचं धाडस मोजून दाखवायची. फौजीचं पोर ते, घाबरेल कशाला? त्याचा बाप मर्विन पेटीतून घरी आला तेव्हा व्हिव्हियन पाळण्यात होता. बंदुकांची सलामी झाली, गाव रडलं, सालोमीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मुलाचा वर्दीतला फोटो घरातल्या देवाच्या आल्तारशेजारी होता आणि त्यावरचा दिवा ती कधी विझू देत नसे. सून जीना एकदाच बोलली होती की पोराला नका पाठवू. सासूने तिला चार माणसांत गप्प केलं होतं.

संध्याकाळी शेजारचा रायन आला. आल्बर्टचा पोरगा. बाप सायकलवर केळी विकायचा, आणि त्या घराने सगळी आशा या पोराच्या पायांवर ठेवली होती. त्याचीही उद्याच भरती होती. तरी गडी आल्या आल्या पेजेचं पातेलं उघडून बघत होता.

"आजी, याला तुम्हीच पाठीवर घेऊन धावा," रायन म्हणाला.

"तुझ्या आईने तुला पेजेबरोबर थोडी लाज वाढली असती तर बरं झालं असतं," सालोमी म्हणाली आणि त्याला वाटीभर पेज वाढली.

रायन गेल्यावर तिने व्हिव्हियनचा मोबाइल काढून घेतला. पोरं भरतीचे व्हिडिओ पाठवतात आणि याचा जीव वरखाली होतो. मग ती त्याच्यासमोर बसली.

"एवढा त्रास होतो तर सोडून का देत नाहीस? वाडी आहे, केळी आहेत. सोपाऱ्यात दुकान काढून देते."

"नाही आजी. बाबांसारखंच व्हायचंय."

ती उठली आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली. जीनाने आतून विचारलं, झोपेची गोळी घेतली का. सालोमी म्हणाली, त्या गोळ्या नुसत्या संपतात, झोप कुठे येते? बोळिंजच्या डॉक्टरने दोनदा औषध वाढवून दिलं होतं. जीनाला रोज रात्री सासूच्या येरझाऱ्या ऐकू यायच्याच.

पहाटे आल्बर्टने कोणाचा तरी टेम्पो आणला. सालोमीने काढा स्वतः उकळला. आलं, गवती चहा आणि गूळ जरा जास्तच. भरतीच्या दिवशी ती चुलीपाशी कोणाला येऊ देत नसे. थर्मास व्हिव्हियनच्या पिशवीत घालून तिने त्याच्या कपाळावर क्रूस काढला.

"मैदानावर पोचलास की पी. वाटेत नको. जीव थाऱ्यावर येतो. सगळा पी, उरवून आणू नकोस."

"मागच्या वेळी तरी कुठे उरवला होता?" तो म्हणाला.

दिवस सरता सरेना. जीना रोजरीचे मणी ओढत बसली. सालोमी वाडीत गेली, तयार नसलेला केळीचा घड उतरवला आणि त्यावरून गड्यालाच बोलली. दुपारचं जेवण तिने झाकूनच ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा व्हिव्हियन फाटकातून पळत आला. छातीवर नंबर तसाच होता. त्याने आईला उचललं आणि गोल फिरवलं. जीनाचं रडणं बघून कळलं काय ते. पास. पहिल्या गटात.

सालोमीने भिंतीला हात टेकला.

"काढा प्यायलास?" तिने विचारलं.

"तुझ्या काढ्याशिवायच झालो पास," तो हसला. मग हसू ओसरलं. "रायनला दिला. एवढी गर्दी बघून तो थरथरायला लागला, दातावर दात वाजत होते त्याचे. त्यालाच जास्त गरज होती."

"मग?"

"तिसऱ्या चकरेत खाली बसला. टेम्पोत झोपला तो उठेचना. आल्बर्टकाकांनी परस्पर दवाखान्यात नेलाय. ऊन लागलं म्हणतायत, सलाईन लावतायत. मी त्याच्या आईला सांगायला पुढे आलो."

त्याने आजीकडे बघितलं. ती आल्तारपाशी गेली होती. मर्विनच्या फोटोमागे हात घालून तिने गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आल्बर्टला फोन लाव," ती म्हणाली. "डॉक्टरला हे नाव वाचून दाखव. सांग, ऊन नाही लागलेलं."

व्हिव्हियनने पाकिटावरचं नाव वाचलं. जीनाच्या हातातले मणी थांबले.

"किती घातल्या होत्या, आई?" तिने विचारलं.

"यंदा तीन," सालोमी म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळी एकेक पुरली होती."