खात्रीचा पेपर

"पुन्हा परीक्षा? का म्हणून?" लव्हॉनने पर्स मांडीवर घट्ट धरली. बसचालकाचा गणवेश तिच्या अंगावरच होता. दोन वाजता तिला कामावर हजर व्हायचं होतं.

टेबलापलीकडचे मिस्टर गेन्स गोड हसले. शहरातल्या सरकारी शाळांचे निकाल तपासणं हे त्यांचं काम. चिडलेल्या आयांना गोड हसून खुर्चीत बसवणंही त्यांना चांगलंच जमत असावं. त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांची बशी झरियापुढे सरकवली. दहा वर्षांच्या झरियाने आधी आईकडे पाहिलं आणि गोळी घेतली नाही.

"मिस लव्हॉन, कुणी आरोप करत नाहीये. आम्ही फक्त खात्री करून घेतोय."

"म्हणजे आरोपच. जरा इस्त्री करून आणलाय, एवढंच."

गेन्सनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर मार्कांच्या दोन रेषा होत्या. वरची टेकडीवरच्या शाळांची, खालची नदीकाठच्या शाळांची. त्या दोन रेषांमधलं अंतर कमी व्हावं म्हणून दरवर्षी सभा भरत, भाषणं होत, पिंपभर कॉफी संपे आणि अंतर जिथल्या तिथे राही. या वर्षी वरच्या रेषेच्याही वर एक निळा ठिपका एकटाच दिसत होता. निळा रंग नदीकाठचा.

"ही झरिया," गेन्स म्हणाले. "गेल्या वर्षी गणितात राज्यातल्या दर शंभर मुलांत सत्तर जण हिच्या पुढे होते. या वर्षी फक्त पाच. एका वर्षात एवढी उडी? आमच्या हिशेबात बसत नाही हो."

"तिला चष्मा लागला. त्याआधी पोरीला फळाच दिसत नव्हता."

"चष्मा," गेन्स म्हणाले आणि त्यांनी तो शब्द लिहून घेतला. वेगात गाडी हाकल्याबद्दल अडवलेल्या माणसाची सबब पोलिसाने टिपावी, तसा. "आणि तिने एकही उत्तर खोडून बदललेलं नाही. हेही जरा..."

"खोडलं असतं तर म्हणाला असतात, टीचरने मागाहून सुधारून दिलं."

"तसंही झालंय पूर्वी."

माणूस खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच लव्हॉनला जास्त राग आला.

"टेकडीवरच्या पोराने अशी उडी मारली तर त्यालाही बोलावता का इथे? त्याच्याही पुढ्यात गोळ्या ठेवता?"

"तिथून अशा उड्या येत नाहीत. ती मुलं आधीपासूनच वर असतात."

"असं होय! म्हणजे वर बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही. चढणाऱ्याला मात्र जिन्यात अडवायचं."

गेन्सचं हसू मावळलं. "मीही नदीकाठचाच आहे, मिस लव्हॉन. तुमच्या चर्चमागच्या गल्लीत वाढलो. आज हा निकाल तसाच पुढे पाठवला आणि उद्या या मार्कांवर प्रवेश मिळाल्यावर टेकडीवरच्या निवडक मुलांच्या शाळेत कुणी हिच्याकडे बोट दाखवलं, तर तिथे हिच्या बाजूने कोण उभं राहील? तासाभराचा पेपर आहे. साधारण तेवढेच मार्क पडले की तिथली जागा हिची. पेपरला नाही बसली तर निकाल रद्द, आणि जागाही गेली."

परक्याने हे म्हटलं असतं तर लव्हॉनने ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. आपल्याच गल्लीतल्या माणसापुढे तिने मांडीवरची पर्स तेवढी उगाच उघडून मिटली.

गेन्स उठले. दाराशी थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "मी पेपर घेऊन येतो. तोवर तुम्हीच एकदा विचारून बघा तिला. काही असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं."

दार लागलं. खोलीत मायलेकीच उरल्या.

विचारायचं कसलं? माझी पोर आहे ती. लव्हॉनने स्वतःला बजावलं, पण मन काही ऐकेना. ती घरी पोचायची तोवर झरिया झोपलेली असायची. पोरीला गणितं सोडवताना तिने पाहिलं होतं कधी? नवी टीचर उत्साही होती, वर्ग पुढे जावा म्हणून नुसती जिवाचा आटापिटा करायची. अशी माणसं कुठवर जातील, काय सांगावं! आणि निकाल घरी आला, तेव्हा आकडे बघून लव्हॉनने आधी काय केलं होतं? कागदावरचं नाव पुन्हा वाचलं होतं. दुसऱ्याच कुणा मुलीचा तर नाही ना आला, म्हणून.

"बाळा," ती हलकेच म्हणाली, "मी मुळीच रागावणार नाही. टीचरने उत्तरं सांगितली होती का गं तुला?"

झरिया तिच्याकडे बघतच राहिली.

"नाही, मम्मा."

"थोडीसुद्धा नाहीत? खरं सांग."

झरियाने नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि मान फिरवली. लव्हॉनला आपलीच लाज वाटली. बोललेले शब्द परत घेता आले तर किती बरं, असं तिला झालं. तिने पोरीच्या खांद्याकडे हात नेला, पण झरिया खुर्चीवरून उठली होती.

गेन्स मोहोरबंद पाकीट आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली घेऊन आले. झरिया आपणहून कोपऱ्यातल्या मेजाशी जाऊन बसली. त्यांनी तिच्यासमोर पाकीट फोडलं, पेपर मांडला, सूचना वाचून दाखवल्या आणि शेवटी प्रेमाने विचारलं, "काही शंका, बेटा?"

"हो," झरिया म्हणाली. तिने गेन्सकडे पाहिलं, मग आईकडे.

"किती उत्तरं चुकवू, म्हणजे तुम्हा दोघांना खरं वाटेल?"